तुकड्यातुकड्यांनी येणारी फाइल
(नवशिक्यांसाठीच्या टोरेंट-पुस्तिकेची प्रस्तावना)

मोबाइलच्या दुकानात जाऊन मेमरी कार्डात गाणी आणि पिक्चर ‘टाकून’ घेणं ही आपल्या तालुक्याच्या गावांमधली एके काळी रोजची गोष्ट होती. श्रीरामपूर असो की जामखेड, स्टँडजवळच्या गाळ्यात एक जुना कॉम्प्युटर, त्याला लावलेला कार्ड रीडर आणि कार्ड भरून घ्यायला थांबलेली कॉलेजची मुलं हे दृश्य ठरलेलं. पुढे शेअरइट आणि झेंडर आले. दोन फोन शेजारी धरले की काम झालं. दुकान नको, नेटही नको. 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने बंदी घातलेल्या 59 चिनी ॲपांमध्ये ही दोन्ही होती. ॲपं गेली, पण एका यंत्रातली फाइल मध्ये कुणालाही न आणता थेट दुसऱ्या यंत्रात द्यायची, ही सवय आपल्याला लागलेली होती. टोरेंट याच कुळातलं आहे. फरक एवढाच की तिथे देणारा आणि घेणारा शेजारी बसलेले नसतात, एकमेकांना ओळखतही नाहीत, आणि एका फाइलसाठी दोन नव्हे तर शेकडो यंत्रं एकाच वेळी कामाला लागलेली असतात.

ही पुस्तिका ज्यांनी टोरेंट हा शब्द फक्त ऐकला आहे त्यांच्यासाठी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातले शाळाशिक्षक, गावच्या वाचनालयाचं काम पाहणारे, कॉम्प्युटर लॅब सांभाळणारे, आणि घरी बसून काहीतरी शिकू पाहणारी मुलं डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहे. यांतल्या बहुतेकांच्या मनात टोरेंट म्हणजे चोरीचा पिक्चर असं समीकरण पक्कं बसलेलं असतं. ते निराधार नाही आणि त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. पण त्या समीकरणामुळे एक फार चांगली पद्धत आपल्या हातात असून वापराविना राहिली, आणि त्याचा सर्वांत मोठा तोटा मराठीला झाला, असं मला मनापासून वाटतं. ही प्रस्तावना मुख्यतः तेवढ्यासाठी.

आधी पद्धत काय आहे ते पाहू. आपण एरवी फाइल उतरवतो तेव्हा ती कुठल्यातरी एका सर्व्हरवर असते आणि सगळे तिथेच धावतात. दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला याचा अनुभव घराघरांत येतो: राज्यभरातून एकाच दारावर धडका पडतात आणि पान उघडता उघडत नाही. मागणारे जितके जास्त, तितकी प्रत्येकाची रखडपट्टी जास्त. अमेरिकी प्रोग्रामर ब्रॅम कोहेन यांनी 2001 मध्ये बिटटोरेंट लिहिलं ते नेमकं हे गणित उलटं करण्यासाठी. त्यांच्या आधी फाइली वाटून घेण्याचं नॅपस्टर होतं, पण कुणाकडे काय आहे याची यादी तिथे एकाच कंपनीच्या यंत्रावर असे. 2001 च्या जुलैत न्यायालयीन आदेशांमुळे ते बंद पडलं आणि सगळा कारभार थांबला. कोहेन यांची कल्पना अशी की ज्याला फाइलचा एक तुकडा मिळाला, त्याने पुढचा तुकडा घेता घेता हातातला तुकडा इतरांना द्यायला लागायचं. मग मागणारे वाढले की देणारेही वाढतात.

चार जीबीची एक फाइल घ्या. तिचे एक-एक एमबीचे तुकडे पाडले तर 4,096 होतात. प्रत्येक तुकड्याच्या मजकुरावर गणिती प्रक्रिया करून 20 बाइटांचा एक ठसा काढला जातो. त्याला हॅश म्हणतात. तुकड्यातला एक बिट जरी बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. हे सगळे ठसे मिळून भरतात अवघे 80 केबी. फाइलचं नाव, आकार आणि ही ठशांची यादी, मुख्यतः एवढंच त्या छोट्या टोरेंट फाइलमध्ये असतं. खरा माल त्यात नसतो, आणि नवशिक्याचा पहिला गोंधळ बहुधा इथेच होतो. ‘उतरवली पण उघडत नाही’ म्हणतात ती ही फाइल. ती टोरेंटच्या प्रोग्रामला द्यायची. मग तो ट्रॅकर नावाच्या यंत्राला विचारतो की ही फाइल सध्या कोणाकोणाकडे आहे, आणि त्या पत्त्यांशी बोलू लागतो. 2005 पासून ट्रॅकरचीही सक्ती उरली नाही. यंत्रं आपापसांत पत्त्यांची वही वाटून ठेवतात, आणि मॅग्नेट लिंक म्हणून जी लांबलचक ओळ दिसते तिच्यातली 40 अक्षरं फाइल शोधायला पुरतात.

या ठशांचं महत्त्व आपल्या जिल्ह्यात समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही. ज्ञानेश्वरी नेवाशात सांगितली गेली, शके 1212 मध्ये. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षं ती हातांनी उतरवून घेतली गेली, एका प्रतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. उतरवणाऱ्याच्या चुका शिरल्या, कुणी आपल्या पदरच्या ओव्याही घातल्या. शके 1506 मध्ये, म्हणजे इसवी सन 1584 च्या सुमारास, एकनाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि यापुढे यात कुणी स्वतःची ओवी घालू नये अशी कडक ताकीद शेवटी लिहून ठेवली. अनेक हातांनी प्रती पसरल्या की ग्रंथ जगतो, पण त्याच हातांनी तो बिघडतोही. हॅश ही ताकीद यंत्राला पाळायला लावते. तुकडा आला की प्रोग्राम त्याचा ठसा काढतो, यादीशी ताडतो, जुळला नाही तर फेकून देतो आणि दुसऱ्याकडून मागवतो. देणारा अनोळखी असला तरी चालतं ते यामुळेच. मात्र एक मर्यादा कायम लक्षात असू द्या. मूळ टोरेंट बनवणाऱ्याने जे ठेवलं तेच आपल्याकडे जसंच्या तसं आलं, एवढीच हमी ठसा देतो. त्याने मुळातच व्हायरस ठेवला असेल तर व्हायरसही तंतोतंत येतो.

तुकड्यांची वाटणी कशी होते, हा या पद्धतीतला मला सर्वांत आवडणारा भाग. प्रोग्राम तुकडे पहिल्यापासून ओळीने मागत नाही. जो तुकडा सर्वांत कमी जणांकडे आहे, तो आधी मागतो. कारण ज्याच्याकडे तो आहे तो माणूस कॉम्प्युटर बंद करून झोपायला गेला तर तो तुकडा सगळ्यांसाठीच गेला. म्हणून दुर्मीळ ते आधी पसरवायचं. दुसरा नियम देवाणघेवाणीचा: जो मला चांगल्या वेगाने देतो आहे, त्याला मी आधी देणार. मूळ आराखड्यात प्रत्येक यंत्र एका वेळी मोजक्यांनाच पाठवतं, दर दहा सेकंदांनी हिशेब बघतं आणि कोणाला चालू ठेवायचं ते ठरवतं. पण एवढाच नियम असता तर नव्याने आलेल्याकडे द्यायला काहीच नसल्यामुळे त्याला कुणीच काही दिलं नसतं. म्हणून एक जागा मोकळी ठेवलेली असते. दर तीस सेकंदांनी कुणातरी एकाला, त्याने काही दिलेलं असो वा नसो, त्या जागेवर घेऊन तुकडे दिले जातात. रिकाम्या हातांनी आलेल्याचंही खातं असं उघडतं. आजच्या प्रोग्रामांनी या आकड्यांत आणि तपशिलांत बदल केले आहेत, तत्त्व तेच आहे.

आता प्रोग्रामची खिडकी. पुस्तिकेत क्यूबिटटोरेंट वापरलं आहे, कारण ते मोफत आहे, मुक्त स्रोत आहे आणि त्यात जाहिराती नाहीत. ट्रान्समिशनही तितकंच चांगलं. खिडकीत ओळीने रकाने दिसतात. सीड्सच्या रकान्यात समजा 3 आणि कंसात 17 असं असलं, तर पूर्ण फाइल असलेली 17 यंत्रं माहीत आहेत आणि त्यांतल्या तिघांशी आपलं बोलणं चालू आहे. पूर्ण फाइल असलेल्याला सीडर म्हणतात. पीअर्समध्ये अर्धवट असलेले आपल्यासारखे. ‘उपलब्धता’ नावाचा रकाना सुरुवातीला दडलेला असेल तर तो उघडून ठेवा. तिथे 1 पेक्षा कमी आकडा दिसला, समजा 0.998, तर जोडलेल्या सगळ्यांचं मिळूनही एक पूर्ण फाइल भरत नाही. मग आपला हिरवा पट्टा 99.8 टक्क्यांवर जाऊन थांबतो आणि दिवसचे दिवस तिथेच राहतो. बिघाड आपल्या नेटमध्ये नसतो, प्रोग्राममध्येही नसतो. ते शेवटचे चार-दोन तुकडे ज्याच्याकडे होते, तो निघून गेलेला असतो.

शेजारचा आणखी एक रकाना म्हणजे रेशो: किती दिलं भागिले किती घेतलं. 1 म्हणजे घेतलं तेवढं परत दिलं. एका फाइलभोवती जमलेल्या सगळ्यांची बेरीज केली तर जितकं घेतलं गेलं तितकंच कुणीतरी दिलेलं असतं, त्याहून एक बाइटही इकडे तिकडे होऊ शकत नाही. तेव्हा कुणी 0.1 वर निघून गेला, तर उरलेलं दुसऱ्या कुणीतरी भरून काढलेलं असतं.

मराठीची गोष्ट इथून सुरू होते. नवा हॉलीवूडपट किंवा लोकप्रिय लिनक्स असेल तर हजारो सीडर आपोआप असतात. कुणी गेलं तरी फरक पडत नाही. मराठी पुस्तकाचं, जुन्या ध्वनिमुद्रणाचं, शाळेला उपयोगी पडेल अशा साहित्याचं टोरेंट कुणी कष्टाने बनवतो, दहा-वीस जण उतरवून घेतात, आणि पट्टा शंभरावर गेला की लगेच प्रोग्राम बंद करतात. महिन्याभराने येणाऱ्याला सीड्सच्या रकान्यात शून्य दिसतं. कमी वाचकांच्या भाषेला ही पद्धत सर्वांत जास्त उपयोगाची, कारण तिला मोठा सर्व्हर आणि त्याचं भाडं लागत नाही. पण त्याच भाषेत थांबणारी माणसं कमी पडली तर ती पहिली कोलमडते. आपल्यातल्या प्रत्येकाने रात्रभर चालू ठेवलेल्या एका कॉम्प्युटरला इथे जेवढं वजन आहे, तेवढं इंग्रजीच्या जगात नाही.

प्रती पसरलेल्या असण्याने काय वाचतं याचं उदाहरण आपल्याच ग्रंथांचं आहे. सरकारी पाठबळाने उभ्या राहिलेल्या डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात देशभरातल्या ग्रंथालयांतली लाखो पुस्तकं स्कॅन झाली, त्यांत जुनी मराठी पुस्तकंही भरपूर. पुढे ते मूळ संकेतस्थळ बंद झालं. कार्ल मलामुद या अमेरिकी कार्यकर्त्याने त्यातल्या चार लाखांहून जास्त पुस्तकांच्या प्रती आधीच काढून इंटरनेट अर्काइव्हवर ठेवल्या होत्या, म्हणून आज त्या वाचायला मिळतात. इंटरनेट अर्काइव्ह 2012 पासून आपल्या साहित्याची टोरेंटही देतं. तिथल्या टोरेंटमध्ये एक सोय आहे: दुसरा कुणी सीडर नसेल तर अर्काइव्हचा सर्व्हर स्वतः तुकडे पुरवतो. नवशिक्याने सराव तिथे करावा हे उत्तम. मराठी विकिपीडिया ऑफलाइन वाचण्यासाठी किविक्स या प्रोग्रामच्या फाइली टोरेंटने मिळतात, लिनक्स आणि लिब्रेऑफिसही मिळतात. ही पद्धत काही फक्त हौशी लोकांची नाही. ट्विटरने 2010 मध्ये आपल्या हजारो सर्व्हरांवर नवा प्रोग्राम पोचवायला बिटटोरेंटच वापरलं. आणि विंडोज 10 पासून मायक्रोसॉफ्टचे अपडेट एका कॉम्प्युटरवरून शेजारच्या कॉम्प्युटरला देण्याची सोय आहे, तीही याच विचाराची.

आता कायदा. इथे मी घाई करणार नाही, कारण ज्यांच्यासाठी पुस्तिका आहे त्यांत शाळकरी मुलंही आहेत.

भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात, चित्रपटाला प्रदर्शनानंतर 60 वर्षं. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणजे ‘श्यामची आई’ हे पुस्तक 2011 पासून सर्वांचं आहे. आचार्य अत्र्यांचा त्याच नावाचा चित्रपट 1953 चा. त्याची चित्रपट म्हणून मुदत 2013 अखेर संपली, पण त्यातल्या अत्र्यांनी लिहिलेल्या गीतांचा हिशेब वेगळा, कारण ते 1969 मध्ये गेले. आणि 2023 मध्ये आलेला नवा ‘श्यामची आई’ पूर्णपणे संरक्षित आहे. नाव एक, हक्क तीन तऱ्हेचे. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नगरशी घट्ट नातं. ते 1919 मध्ये गेले, त्यांच्या कविता केव्हाच मुक्त झाल्या. पण त्यांच्या नव्या आवृत्तीला कुणी आज टीपा आणि प्रस्तावना लिहिली असेल तर त्या टीपा मुक्त नाहीत. फाइल शेअर करण्याआधी हा विचार दरवेळी करायचा.

ऑगस्ट 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला एक आदेश टोरेंटवाल्यांनी नीट समजून घ्यायला हवा. ‘ढिशूम’ चित्रपटाच्या प्रकरणात अडवलेल्या पानांवर असा इशारा झळकू लागला होता की ते पान नुसतं पाहणंही शिक्षापात्र आहे. देशभर घबराट झाली. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं की गुन्हा पाहण्यात नाही. परवानगीशिवाय वाटण्यात, जाहीर दाखवण्यात, विकण्यात किंवा भाड्याने देण्यात आहे. ऐकायला हे दिलासादायक वाटतं. पण वर सांगितलेली पद्धत आठवा: टोरेंटमध्ये घेणारा त्याच क्षणी वाटणाराही असतो. ‘मी फक्त डाउनलोड केलं’ हे वाक्य इथे खरं ठरत नाही, आणि आपला आयपी पत्ता त्या फाइलभोवती जमलेल्या प्रत्येकाला दिसत असतो. कायद्याच्या 63 व्या कलमात जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड आहे.

शिक्षेची भीती दाखवून मुलं थांबतात असा माझा अनुभव नाही. त्यापेक्षा त्यांना आपल्याच जिल्ह्याशी नातं असलेली माणसं दाखवावीत. नागराज मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकले. विद्यार्थी असताना केलेल्या ‘पिस्तुल्या’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांचा ‘सैराट’ 29 एप्रिल 2016 रोजी लागला आणि बाहेर तिकिटांच्या रांगा असतानाच चोरट्या प्रती फोनांमधून फिरायला लागल्या. त्याच वर्षी जूनमध्ये ‘उडता पंजाब’ प्रदर्शनाच्या आधीच टोरेंटवर आला. मोठा चित्रपट अशा फटक्यातून सावरतो. श्रीगोंदे तालुक्यातल्या गव्हाणेवाडीच्या भाऊराव कऱ्हाडे यांनी ‘ख्वाडा’साठी शेतजमीन विकली. धनगरांचं स्थलांतर, भाषा, आवाज सगळं खरंखुरं. 2015 मध्ये त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. अशा चित्रपटाचा प्रत्येक प्रेक्षक मोजून यावा लागतो. पिक्चर फुकट टाकून घेणाऱ्याला समोर एखादी मोठी कंपनी दिसत असते. तिथे कधी कधी शेत विकलेला माणूस उभा असतो.

याच ओघात डीटीपीवाल्यांशी आणि फ्लेक्सवाल्यांशी दोन शब्द. फोटोशॉप, पेजमेकर आणि मराठी फाँटची क्रॅक केलेली पॅकेजं टोरेंटवरून घ्यायची आपल्याकडे फार चाल आहे. क्रॅक चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करा अशी सूचना त्यासोबत असते, आणि घराला कुलूप न लावण्याची ही सूचना लोक मुकाट पाळतात. लग्नपत्रिकांच्या ऐन सीझनमध्ये सगळ्या फाइली कुलूपबंद होऊन पैशांची मागणी पडद्यावर आली की मग धावपळ. इंकस्केप, गिंप आणि स्क्रायबस युनिकोड मराठीत काम करतात आणि कायदेशीरपणे मोफत मिळतात. शिकायला वेळ लागतो, हे मान्य.

राहिलं आपल्या इथल्या नेटचं. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर टोरेंट चालवणाऱ्याने ध्यानात ठेवावं की दिलेला डेटाही पॅकमधूनच जातो. अपलोडचा वेग ठरवून घ्या, पण क्यूबिटटोरेंटमध्ये तिथे शून्य लिहू नका. शून्याचा अर्थ तिथे ‘बंद’ नसून ‘अमर्याद’ असा आहे. दुसरी अडचण पत्त्याची. मोबाइल आणि अनेक फायबर कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. आपण बाहेरच्याशी बोलणं सुरू करू शकतो, बाहेरचा आपल्याशी नाही, आणि असे दोघे समोरासमोर आले तर बहुतेक वेळा जोडणीच होत नाही. आयपीव्ही6 चालू असेल तर ही अडचण बरीच कमी होते. ते कसं तपासायचं हे तिसऱ्या प्रकरणात आहे. दुसरीकडे आपल्या परिस्थितीला ही पद्धत चांगली मानवते. लाइट गेली, नेट तुटलं, पॅक संपला, तरी आलेले तुकडे जागेवर असतात आणि दुसऱ्या दिवशी काम तिथून पुढे सुरू होतं. सहा जीबीची लिनक्सची फाइल आठवडाभर थोडी थोडी आणता येते.

शाळेच्या लॅबसाठी तर एक सोय सोन्यासारखी आहे. प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये स्थानिक पीअर शोधण्याचा पर्याय असतो. तो चालू ठेवला की एकाच लॅनवरची यंत्रं एकमेकांना ओळखतात आणि तुकडे आपापसांत देतात. बाहेरून साधारण एकाच प्रतीइतका डेटा येतो आणि लॅबमधल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर मराठी विकिपीडिया पोचतो. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या किंवा पाथर्डीच्या एखाद्या शाळेत, जिथे नेट धड चालत नाही, तिथे शिक्षकाने तालुक्याला जाऊन एका लॅपटॉपवर फाइल आणली तरी पुढचं काम लॅबमध्ये नेटशिवाय होऊ शकतं. तो लॅपटॉप आणि इतर यंत्रं एका राउटरला जोडली आणि टोरेंट फाइल पेन ड्राइव्हने सर्वांना दिली म्हणजे झालं.

पुस्तिकेची प्रकरणं क्रमाने वाचलीच पाहिजेत असं नाही. क्यूबिटटोरेंट त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या, दुसऱ्या प्रकरणात सांगितल्याप्रमाणे अपलोडची मर्यादा ठरवा, आणि पहिली फाइल म्हणून किविक्सचा मराठी विकिपीडिया उतरवा. तो पूर्ण झाल्यावर टोरेंट यादीतून काढू नका. रेशोच्या रकान्यात 1 दिसेपर्यंत चालू ठेवा, पॅक परवडत असेल तर 2 पर्यंत. चौथं प्रकरण स्वतःचं टोरेंट बनवण्याचं आहे. गावच्या वाचनालयात हक्कमुक्त झालेली जुनी पुस्तकं असतील तर ती स्कॅन करून ठेवण्यापासून त्या प्रकरणाची सुरुवात होते, आणि स्कॅनिंगला बसण्यापूर्वी लेखकाच्या मृत्यूचं साल शोधायला ते सांगतं.